झिवोयिन पाव्लोविच: कुठून पाहावा, कुठून वाचावा?

प्रश्न असा आहे: युगोस्लाव्ह दिग्दर्शकांपैकी कुस्तुरिकाचे सिनेमे पाहिलेत, माकावेयेवचं नाव ऐकून माहीत आहे, पण सर्बियात दिग्दर्शक म्हणून आणि कादंबरीकार म्हणून ज्याला सारखाच मान आहे, तो झिवोयिन पाव्लोविच कोण, त्याचं आयुष्य आणि काम कसं घडत गेलं आणि नवख्याने त्याच्याकडे कुठून जावं?

ज्यांना एवढ्यावरच निघायचंय त्यांच्यासाठी आधी उत्तर: 1967 सालचा 'काद बुदेम म्रताव इ बेओ' पाहा (अर्थ साधारण 'मी मरेन आणि पांढराफटक पडेन तेव्हा'), त्यानंतर 1969 चा 'झासेदा' म्हणजे 'दबा', आणि मग मागे येऊन 1967 चाच 'बुजेन्ये पात्सोवा', 'उंदरांना जाग येते तेव्हा'. तिन्ही कृष्णधवल, तिन्ही दीड तासाच्या आतले. ह्या तिघांशी सूत जुळलं तर पुढचा माणूस आपोआप कळत जातो. नाही जुळलं तर कादंबऱ्यांकडे वळून फार हाती लागणार नाही, कारण दोन्हीकडे माल एकच आहे.

सुरुवातीलाच एक गल्लत मिटवून टाकू. 'खझार शब्दकोश' लिहिणारा तो मिलोराद पाविच, हा नव्हे. घोटाळा होतो त्याला कारण आहे: सर्बियातला सगळ्यात मानाचा कादंबरी पुरस्कार, म्हणजे 'निन' साप्ताहिकाचा, 1984 च्या कादंबरीसाठी पाविचला मिळाला आणि 1985 च्या कादंबरीसाठी पाव्लोविचला. लागोपाठची वर्षं, कानाला सारखी वाटणारी नावं, पण लेखक दोन टोकांचे. पाविचकडे कोडी, आरसे, स्वप्नं. पाव्लोविचकडे चिखल, घाम, रक्त आणि रेल्वे स्टेशनावरची दारू. मिओद्राग पाव्लोविच नावाचा एक मोठा कवीही आहे, त्याचाही याच्याशी संबंध नाही. शोधताना पूर्ण नाव टाका आणि 'झिका' हे लाडकं नावही ध्यानात ठेवा. बेलग्रेडमध्ये सगळे त्याला झिका पाव्लोविचच म्हणत.

जन्म 15 एप्रिल 1933, पश्चिम सर्बियातल्या शाबात्स या गावात. पण त्याचा मुलूख म्हणजे पूर्व सर्बिया: झायेचार, नेगोतिन, तिमोक नदीचं खोरं, बल्गेरिया आणि रुमानियाच्या सरहद्दीलगतचा गरीब पट्टा, मधे बोरच्या तांब्याच्या खाणी. बालपण तिथे गेलं, तेही ऐन महायुद्धात. युगोस्लाव्हियातली लढाई फक्त जर्मनांविरुद्ध नव्हती. टिटोचे कम्युनिस्ट पार्टीझन आणि राजनिष्ठ चेटनिक एकमेकांनाही मारत होते. ज्याने शाळकरी वयात हे पाहिलं, त्याला पुढे सरकारी युद्धपटांतला स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्यातला पार्टीझन पटणं शक्यच नव्हतं. 'झासेदा' समजायला ही पार्श्वभूमी लागतेच, तिच्याकडे पुढे येतो.

शिक्षण सिनेमाचं नाही, चित्रकलेचं. बेलग्रेडच्या उपयोजित कला अकादमीतून तो 1959 साली सजावटी चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून बाहेर पडला. एकोणिसाव्या वर्षापासून मात्र वर्तमानपत्रांत सिनेमावर आणि चित्रकलेवर लिहीत होता. सिनेमा शिकला तो 'किनो-क्लुब बेओग्राद' या हौशी मंडळींच्या क्लबात. हे क्लब म्हणजे समाजवादी राजवटीने 'जनतेचं तांत्रिक शिक्षण' या नावाखाली उघडलेली केंद्रं होती. तिथे कॅमेरा मिळे, थोडीफार फिल्म मिळे आणि महत्त्वाचं म्हणजे व्यावसायिक स्टुडिओत पटकथेवर बसणारी समितीची नजर तिथे तितकी कडक नसे. माकावेयेव तिथलाच, मार्को बाबात्स तिथलाच, वोयिस्लाव 'कोकान' राकोन्यात्सही. पुढे सत्तेला ज्यांचा ताप झाला ते बहुतेक जण सत्तेनेच चालवलेल्या हौशी क्लबांतून आले, ही गंमत सर्बियन टीकाकार नेहमी सांगतात. पाव्लोविचच्या त्या काळातल्या 'त्रिप्तिह ओ मातेरियि इ स्मर्ति' (1960) आणि 'लाविरिंत' (1961) या लघुपटांत गोष्ट जवळजवळ नाहीच. पदार्थ, पृष्ठभाग, कुजणं, अंधार एवढंच. चित्रकार कॅमेरा हातात घेतो तेव्हा जे होतं ते.

व्यावसायिक पदार्पण झालं ते तिघांनी मिळून केलेल्या चित्रपटातून. 1962 च्या 'कापि, वोदे, रात्नित्सि'मध्ये बाबात्स, राकोन्यात्स आणि पाव्लोविच अशा तिघांची एकेक कथा होती. पुढच्याच वर्षी याच तिघांनी सारायेवोच्या 'सुत्येस्का' कंपनीसाठी 'ग्राद' म्हणजे 'शहर' केला आणि कारकीर्द सुरू होता होताच खड्ड्यात गेली. सारायेवोच्या न्यायालयाने चित्रपटावर रीतसर बंदी घातली. कारण काय, तर समाजवादी शहरातली माणसं एकाकी, उदास आणि निरर्थक जगताना दाखवली. युगोस्लाव्हियाच्या इतिहासात न्यायालयाच्या हुकमाने बंदी आलेला हा एकमेव चित्रपट. बंदी उठली 1990 साली, म्हणजे देशच फुटायच्या बेतात असताना.

'एकमेव' हा शब्द वाचून दिशाभूल होऊ देऊ नका. बाकीचे चित्रपट मोकाट चालले असा याचा अर्थ नाही. ग्रादच्या अनुभवातून व्यवस्था शहाणी झाली, एवढंच. न्यायालयात गेलं की निकालपत्र लिहावं लागतं, परदेशी पत्रकार विचारतात, आणि 'आमचा समाजवाद सोव्हिएतांपेक्षा मोकळा' हा टिटोचा दावा उघडा पडतो. त्यामुळे पुढे वापरली गेली ती पद्धत तिकडे 'बंकर' या नावाने ओळखली जाते. बंदी नाही, कागद नाही. वितरक चार दिवस चित्रपट लावतो आणि काढून घेतो, निर्मिती संस्थेची कामगार परिषद 'स्वतःहून' ठराव करते, एखादा अग्रलेख येतो, आणि प्रिंट कपाटात जाते. ज्याच्याशी भांडायचं असा माणूसच समोर नसतो. म्हणून 'अमुक चित्रपटावर बंदी होती का?' या प्रश्नाचं उत्तर पाव्लोविचच्या बाबतीत बहुधा 'कागदावर नाही' असंच येतं.

'पोव्रातक' म्हणजे 'परतणं' हा त्याचा पहिला स्वतंत्र पूर्ण लांबीचा चित्रपट. ग्रादच्या सुमारास चित्रित होऊनही तो पडद्यावर आला 1966 मध्ये. तुरुंगातून सुटून सरळ जगू पाहणारा गुन्हेगार, भूमिका बाता झिवोयिनोविचची, जो पुढे पार्टीझनपटांचा सगळ्यात मोठा नायक झाला. मधल्या काळात, 1965 मध्ये 'नेप्रियातेल्य' म्हणजे 'शत्रू' येऊन गेला होता. दोस्तोयेव्हस्कीच्या 'द डबल'वर आधारलेला, आणि पुन्हा झिवोयिनोविचच, दुहेरी भूमिकेत. यातून एक व्यावहारिक सूचना निघते: पाव्लोविचच्या चित्रपटांची सालं वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी दिसतात, कारण कोणी चित्रीकरणाचं साल देतं, कोणी प्रदर्शनाचं. पोव्रातकच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. त्याच्या कामाचा क्रम लावायचा असेल तर चित्रीकरणाचं साल धरा, नाहीतर 'पोव्रातक' हा 'शत्रू'च्या नंतरचा वाटतो आणि वाढ उलटी दिसते.

1967 हे त्याचं वर्ष. 'उंदरांना जाग येते तेव्हा' बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाला गेला आणि पाव्लोविचला उत्तम दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. पटकथा गोर्दान मिहिच आणि ल्युबिशा कोझोमारा या जोडीची, कॅमेरा मिलोराद याक्शिच-फांजोचा. गोष्ट वेलिमिर बाम्बेर्ग या मध्यमवयीन माणसाची, जी स्लोबोदान पेरोविचने खांदे पाडून, जवळजवळ काही न करता उभी केली आहे. बेलग्रेडच्या एका कळकट वस्तीत तो राहतो, आजारी बहिणीला समुद्रावर पाठवायला पैसे जमवतो, शेजारी आलेल्या मुलीत गुंततो, आणि ती त्याचे पैसे घेऊन निघून जाते. संपली गोष्ट. वेलिमिरच्या भूतकाळात राजकीय शिक्षा आहे आणि ती कशाची ते चित्रपट मोठ्याने सांगत नाही. 1948 साली टिटो आणि स्टालिन फाटले, तेव्हा स्टालिनच्या बाजूचे म्हणून, किंवा तसा संशय आला म्हणून, हजारो कम्युनिस्ट एड्रियाटिक समुद्रातल्या गोली ओतोक या उजाड बेटावर पाठवले गेले. साठच्या दशकात त्या बेटाचं नाव काढायची सोय नव्हती. तिथल्या प्रेक्षकाला वेलिमिरचं गप्प बसणं लगेच कळलं. आपल्याला ही ओळ आधी सांगावी लागते, नाहीतर तो नुसताच एक दुर्दैवी भला माणूस वाटतो.

'मी मरेन आणि पांढराफटक पडेन तेव्हा' त्याच चमूने लगेच केला. पटकथा तीच जोडी, कॅमेरा तोच. ज्यांना एकच चित्रपट पाहायचा आहे त्यांनी हा पाहावा. जिमी बार्का हा हंगामी मजूर, भुरटा चोर, गोडबोल्या. काम सुटल्यावर गावोगाव भटकतो, एका बाईकडून दुसरीकडे सरकतो आणि आपण गायक होऊ शकतो असं त्याच्या डोक्यात भरतं. आवाज बेताचा, आत्मविश्वास अफाट. द्रागान निकोलिचला या भूमिकेने रातोरात तारा केलं. सोबत नेदा स्पासोयेविच आणि, जत्रांत-खाणावळीत गाणाऱ्या बाईच्या भूमिकेत, रुझित्सा सोकिच.

हा चित्रपट पाहताना कथेपेक्षा जागा बघा. मालधक्के, तात्पुरती मजूर-वसाहत, नदीकाठ, सैनिकांसमोर उभारलेला कच्चा मंच, कफाना. कफाना म्हणजे दारू, कॉफी, जेवण आणि गाणं एकत्र मिळणारी तिकडची खाणावळ. आणि कान उघडे ठेवा: पडद्यावरची माणसं ज्या रेडिओतून, ज्या वाद्यवृंदातून गाणं ऐकतात, तेच आपण ऐकतो. भावना कळावी म्हणून वरून ओतलेली व्हायोलिनं शोधून सापडणार नाहीत. बेलग्रेडमधल्या नवोदितांच्या स्पर्धेचा प्रसंग याचा कळस आहे. विजेच्या गिटारी घेतलेली शहरी पोरं एकीकडे, आणि खेड्यातल्या कफान्यांत गाजलेला आपला जिमी एकीकडे. हॉलमधली तरुण मंडळी त्याची हुर्यो उडवतात. त्यांना तो भिकार वाटतो यापेक्षा तो जुनाट वाटतो हे जास्त लागतं. ज्या तरुण, आधुनिक युगोस्लाव्हियाची जाहिरात राजवट जगभर करत होती, त्यात जिमीसारख्याला जागा नाही, हे चार मिनिटांत, एकही वाक्य न उच्चारता सांगून होतं.

आणि शेवट. जिमीला गोळी लागते ती शौचालयात बसलेला असताना. फळ्यांचं साधं बाहेरचं शौचालय, अर्ध्यावर उतरवलेली विजार. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे मुद्दाम घाण दाखवण्यासाठी केल्यासारखं वाटतं आणि इथेच बरेच जण पाव्लोविचला सोडून देतात. पण त्याच वर्षांत युगोस्लाव्ह पडद्यावर मृत्यू कसा येई ते आठवा: टेकडीवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर, हातात झेंडा नाहीतर मशीनगन, मागे वृंदगान. पाव्लोविचने मरणाची सगळी शोभा काढून घेतली. शरीर जसं असतं तसं ठेवलं. 'ओ ओद्व्रात्नोम', म्हणजे 'किळसवाण्याविषयी', या 1972 च्या निबंधांच्या पुस्तकात तो नेमकं हेच मांडतो. त्याआधीचं 'जावोल्यि फिल्म', 'सैतानाचा सिनेमा' (1969), हेही त्याच वाटेवरचं. म्हणजे पडद्यावरची घाण ही बेफिकिरी नव्हती, विचार करून घेतलेली भूमिका होती. ती पटावी असा माझा आग्रह नाही. उत्तरार्धातल्या एकदोन चित्रपटांत ती सवयीची होऊन बसते असं माझं स्पष्ट मत आहे. जिमीच्या बाबतीत मात्र ती अचूक बसते.

1968 च्या पुला महोत्सवात याच चित्रपटाला उत्तम चित्रपटाचा सुवर्ण अरेना मिळाला. पुला म्हणजे आजच्या क्रोएशियातलं समुद्रकाठचं गाव. तिथल्या रोमन रंगमंडळात देशाचा राष्ट्रीय महोत्सव भरे, टिटोचं उन्हाळी बेट ब्रियुनी समोरच. त्या वर्षीच्या जूनमध्ये बेलग्रेडच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ ताब्यात घेतलं होतं. पाव्लोविच त्या दिवसांत त्यांच्यात वावरत होता आणि रोजनिशी लिहीत होता. ती 'इस्प्ल्युवाक पुन क्र्वि' ('रक्ताने भरलेली थुंकी') या नावाने वाचकांपर्यंत मोकळेपणाने पोचायला 1990 उजाडलं.

आता 'झासेदा'. युद्ध संपतानाचा आणि संपल्यानंतरचा लगेचचा सर्बिया. दाल्मातियातून आलेला ईवे नावाचा कोवळा पोरगा, मनापासून क्रांतीवर विश्वास ठेवणारा, नव्या सत्तेच्या कामाला लागतो. भूमिकेत इवित्सा विदोविच; सोबत मिलेना द्राविच आणि पुन्हा बाता झिवोयिनोविच. नव्या सत्तेची माणसं दुकानं लुटताना, जप्तीतला माल आपसात वाटताना, सूड उगवताना तो पाहत जातो. शेवटी ओळखीचा कागद जवळ नसलेला ईवे आपल्याच बाजूच्या लोकांच्या गोळ्यांनी मरतो, शत्रू समजून. हा शेवट कळायला एवढं ध्यानात हवं: 1944-45 मध्ये डोंगरांतून लपलेल्या चेटनिकांची शोधमोहीम चालू होती, आणि कोण पार्टीझन, कोण चेटनिक हे अंगावरचा कपडा, हातातला कागद आणि समोरच्याचा मूड यावर ठरे. चित्रपट अंशतः अंतोनिये इसाकोविचच्या कथेवर आणि अंशतः पाव्लोविचच्या स्वतःच्या 'लेगेन्दा' या कथेवर आधारलेला आहे. इसाकोविच स्वतः लढलेला पार्टीझन आणि पक्षातला वजनदार माणूस. म्हणजे हा 'बाहेरच्या शत्रूचा' आरोप नव्हता, घरातलं माणूस बोलत होतं. झोंबलं ते त्यामुळेच.

3 ऑगस्ट 1969 रोजी 'बोर्बा' या पक्षाच्या दैनिकात व्लादिमिर योविचिचचा लेख आला, 'आपल्या सिनेमातली काळी लाट'. समाजवादी जगण्याची उदास, कळकट बाजू दाखवणाऱ्या अशा चित्रपटांना 'काळी लाट' हे नाव तिथून रूढ झालं. शिवी म्हणून दिलेलं नाव आज पदवीसारखं मिरवलं जातं, पण तेव्हा त्याचा परिणाम ठोस होता. झासेदा थोडा दिसला आणि दिसेनासा झाला. बंकर.

इथून पुढचं त्याचं व्यावहारिक शहाणपण मला फार महत्त्वाचं वाटतं आणि चरित्रांत ते एका ओळीत उरकतात. काळ्या लाटेतल्या इतरांचं काय झालं? माकावेयेव देश सोडून गेला, झेलिमिर झिलनिक काही वर्षं जर्मनीत गेला, अलेक्सांदार पेत्रोविचला अकादमीतून काढलं, आणि लाझार स्तोयानोविचला विद्यार्थीदशेत केलेल्या चित्रपटापायी तुरुंग भोगावा लागला. पाव्लोविचलाही अध्यापनापासून दूर ठेवण्यात आलं. पण तो देशाबाहेर गेला नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. युगोस्लाव्हिया हे सहा प्रजासत्ताकांचं संघराज्य होतं आणि प्रत्येकाची सिनेमाची तिजोरी, निर्मिती संस्था आणि सांस्कृतिक नोकरशाही वेगळी होती. बेलग्रेडमध्ये ज्याच्यावर काट मारली, त्याला स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानामध्ये, काम मिळू शकत होतं. तिथल्या 'विबा फिल्म' या निर्मिती संस्थेशी त्याचं जमलेलं होतं. मग त्याने भाषाच बदलली. सर्बियन दिग्दर्शकाने स्लोव्हेनियन भाषेत, स्लोव्हेनियन कादंबऱ्यांवर, स्लोव्हेनियन नटांना घेऊन चित्रपट केले. कादंबरी दुसऱ्याची आणि प्रदेश दुसरा, म्हणजे 'हा माणूस आपल्या देशाची बदनामी करतोय' म्हणायला बेलग्रेडच्या टीकाकाराला जागा उरत नाही.

त्यातला पहिला आणि सगळ्यात चांगला 'र्देचे क्लास्ये', 'लाल कणसं' (1970), इवान पोत्र्चच्या 'ना क्मेतिह' या कादंबरीवर. युद्धानंतरची सक्तीची धान्यवसुली आणि सामूहिक शेती. पक्षाने गावात पाठवलेला तरुण कार्यकर्ता, भूमिकेत तरुण रादे शेर्बेद्जिया. ज्या घरी तो शिरतो तिथली विधवा, मायदा पोतोकारने केलेली, आणि तिच्या मुली. जमीन, देह आणि पक्ष यांची अशी गाठ पडते की शेवटी कोणालाच काही मिळत नाही. 1971 मध्ये पुलाला हाही पहिला आला. सरकारी रोषातल्या माणसाला त्याच सरकारच्या महोत्सवात पहिलं बक्षीस: हे विचित्र वाटेल, पण परीक्षक मंडळ, प्रजासत्ताकाची तिजोरी आणि केंद्रातला पक्ष एका सुरात नसत, आणि पाव्लोविच जगला तो या फटीत.

1973 चा 'मेलेल्या पक्ष्याचं उड्डाण' पुन्हा स्लोव्हेनियातला. तो अभ्यासकांसाठी ठेवा. 1977 चा 'हाय्का', मिहाय्लो लालिचच्या कादंबरीवरचा, माँटेनेग्रोच्या डोंगरांत पाठलाग होणाऱ्या पार्टीझनांचा. 1980 चा 'पुढच्या युद्धात भेटू' मात्र चुकवू नका. वितोमिल झुपानच्या 'मेनुएत झा कितारो' या कादंबरीवरून केलेला. जुना स्लोव्हेनियन पार्टीझन बेर्क आणि जुना जर्मन सैनिक बिटर स्पेनमध्ये सुट्टीवर भेटतात आणि युद्धाच्या आठवणींतून गोष्ट मागेपुढे होते. जर्मन माणसाची भूमिका हान्स क्रिस्टियान ब्लेखची. झासेदाचा राग इथे निवलाय आणि त्याची जागा एका कडवट हसण्याने घेतली आहे.

आता लेखणीकडे. पाव्लोविच फावल्या वेळात लिहिणारा दिग्दर्शक नव्हता. 'क्रिवुदावा रेका' ('नागमोडी नदी') हा त्याचा कथासंग्रह 1963 चा, म्हणजे स्वतंत्र चित्रपट पडद्यावर येण्याच्याही आधीचा. पुढे कथा, कादंबऱ्या, निबंध, रोजनिशी असा ओघ शेवटपर्यंत चालू राहिला. चित्रपट अडकला की पुस्तक निघे. पुस्तकाला कॅमेरा, परवाना, कामगार परिषद लागत नाही.

त्याच्या दोन्ही कामांतलं नातं लोक उलटं लावतात. दिग्दर्शक कादंबरी लिहितो म्हणजे ती पटकथेचा कच्चा खर्डा असणार, असा समज. याच्या बाबतीत मोठे चित्रपट बहुतेक दुसऱ्यांच्या लेखनावर आहेत: मिहिच-कोझोमारा, इसाकोविच, पोत्र्च, लालिच, झुपान, दोस्तोयेव्हस्की. ज्या दोन कादंबऱ्यांनी त्याला 'निन' मिळवून दिला, 'झिद स्मर्ति' (1985) आणि 'लापोत' (1992), त्या त्याने पडद्यावर आणल्या नाहीत. अपवाद आहेत, 'झासेदा'तली 'लेगेन्दा' त्यातलीच. आणि 'झादाह तेला' ('देहाचा दर्प') हे नाव पुस्तकालाही आहे आणि 1983 च्या चित्रपटालाही, जो पुलाचा सुवर्ण अरेना त्याला तिसऱ्यांदा देऊन गेला. पण एकूण वाटणी अशी: पडद्यावर घटना, कागदावर बोली. पूर्व सर्बियातल्या छोट्या गावातली माणसं बोलतात तशी, शिव्यांसकट, अर्धवट तोडलेल्या वाक्यांसकट. हे भाषांतरात सगळ्यात आधी गळून पडतं, म्हणून त्याचे चित्रपट जग फिरले आणि पुस्तकं फारशी नाहीत.

'लापोत' वाचायला घेणाऱ्याने शीर्षकामागची दंतकथा जाणून घ्यावी. पूर्व सर्बियात सांगतात की घरातलं म्हातारं माणूस कामाचं उरलं नाही की घरचेच त्याला मारत. डोक्यावर भाकरी ठेवून तिच्यावर घाव घालत आणि म्हणत, तुला आम्ही नाही, ही भाकरी मारतेय. एकोणिसाव्या शतकाअखेरीस सिमा त्रोयानोविचने ही प्रथा खरी मानून तिच्यावर लिहिलं. नंतरच्या मानववंश-अभ्यासकांना तिचा भक्कम पुरावा सापडला नाही आणि ती कथाच असावी असं ते म्हणतात. त्यामुळे 'सर्बियात अशी प्रथा होती' असं ठोकून देऊ नका. कादंबरी समजायला दंतकथा पुरेशी आहे. पुस्तक 1992 चं आहे हे मात्र विसरू नका. देश फुटलेला, बोस्नियात लढाई पेटलेली. अशा वर्षी पोरांनी बापाला मारण्याच्या दंतकथेचं नाव कादंबरीला देणारा लेखक नुसता लोकाचार नोंदवत नव्हता.

त्याच वर्षीचा 'देझेर्तेर' दोस्तोयेव्हस्कीच्या 'द इटर्नल हजबंड'ला उचलून थेट त्या युद्धाच्या सावलीत ठेवतो. नवरा आणि बायकोचा प्रियकर, दोघे लष्करी पेशातले. त्याआधी 1987 मध्ये 'ना पुतु झा काटांगु' येऊन गेला होता: परदेशातून खाणीच्या गावी परतलेला माणूस, आफ्रिकेतल्या काटांगाला जायचं स्वप्न, आणि पूर्व सर्बियाची तीच जुनी धूळ. शेवटचा चित्रपट 'द्र्झावा म्रत्विह', 'मेलेल्यांचं राज्य': देश फुटल्यावर स्लोव्हेनिया सोडून बेलग्रेडला आलेल्या स्लोव्हेनियन लष्करी अधिकाऱ्याचं कुटुंब कसं उधळतं त्याची गोष्ट. तो पुरा व्हायच्या आत, 29 नोव्हेंबर 1998 रोजी, पाव्लोविच बेलग्रेडमध्ये वारला. दिन्को तुत्साकोविचने तो पूर्ण केला आणि 2002 मध्ये प्रदर्शित झाला. तारखेची एक गंमत: 29 नोव्हेंबर हा टिटोच्या युगोस्लाव्हियाचा प्रजासत्ताक दिन.

पाहताना अडचणी येतात त्या अशा. फांजोची छायाकला करड्या रंगाच्या बारीक छटांवर उभी आहे. कुठूनतरी मिळालेल्या दहाव्या पिढीच्या प्रतीत सगळं काळंठिक्कर होतं आणि 'काळी लाट' म्हणजे अंधारातला सिनेमा असा समज होतो. बेलग्रेडच्या युगोस्लाव्ह किनोतेकाने, म्हणजे चित्रपट संग्रहालयाने, 2016 मध्ये शंभर सर्बियन कथापट सांस्कृतिक ठेवा म्हणून निवडले, त्यात जिमीचा चित्रपट आहे. तेव्हा नीट साफ केलेली प्रत मिळेपर्यंत थांबणं परवडतं. दुसरं, सबटायटल करणारे गाण्यांचे बोल सोडून देतात. जिमीच्या चित्रपटात गाणी हेच अर्धे संवाद आहेत, शीर्षकसुद्धा गाण्याच्या ओळीसारखं. बोल भाषांतरित केलेली प्रत शोधा. तिसरं, 'लाल कणसं' आणि 'पुढच्या युद्धात भेटू' स्लोव्हेनियनमध्ये आहेत. त्यांच्या सर्बियन-क्रोएशियन नावाने शोधलं तर हाती लागत नाहीत, किंवा डब केलेली प्रत गळ्यात पडते. शिवाय सगळ्याच चित्रपटांची इंग्रजी नावं दोन-दोन, तीन-तीन फिरतात, म्हणून मूळ नावाने शोधणं बरं.

आणि फिल्म सोसायटीत दाखवणार असाल तर 'झासेदा' आणि 'लाल कणसं' एकाच संध्याकाळी ठेवू नका. दोन्हींत श्रद्धाळू तरुण कार्यकर्ता आणि त्याची उतरलेली धुंदी आहे. लागोपाठ पाहिले की दुसरा पहिल्याची नक्कल वाटतो आणि चर्चा कम्युनिझम चांगला की वाईट यावर अडकते. झासेदाच्या आधी 'उंदरांना जाग येते तेव्हा' लावा. आधी पराभूत म्हातारा होत चाललेला कम्युनिस्ट, मग वीस वर्षांपूर्वीचा कोवळा कम्युनिस्ट, असा उलटा क्रम लागला की ईवे जगला असता तर वेलिमिर झाला असता, हे प्रेक्षक स्वतःच बोलून दाखवतात.